कारणाचा रकाना

आमच्या ऑफिसात ‘उंडारणे’ या शब्दाला बंदी आहे. तोंडी नव्हे, लेखी. जावक क्रमांक घालून काढलेलं पत्रक आहे आणि त्याची कार्यालयीन प्रत माझ्याच कपाटात आहे, कारण आस्थापनेचं टेबल गेली कित्येक वर्षं माझ्याकडे आहे. उशिरा येणं, दुपारची डुलकी, एकमेकांच्या चहाड्या, यांपैकी कशावरही आमच्याकडे असं नाव घेऊन पत्रक निघालेलं नाही. तो मान या एका शब्दाला मिळाला, आणि एका माणसामुळे मिळाला.

खातं कुठलं ते सांगत नाही. रत्नागिरीत चढावावर एक जुनी चिऱ्याची इमारत आहे, तिच्यात आम्ही बसतो, एवढं पुरे. हा माणूस आमचा हेडक्लार्क. मूळ पूर्णगडचा. सगळे त्यांना भाऊ म्हणत. किरकोळ अंग, पायात जाड तळाच्या चपला, खिशात दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. हस्ताक्षर असं, की त्यांनी लिहिलेली नोटीस मुदत संपली तरी कुणी फळ्यावरून काढत नसे.

सरकारी नोकरी न केलेल्यांसाठी थोडं सांगायला हवं. ऑफिसच्या वेळात बाहेर पडायचं तर दाराजवळच्या हालचाल नोंदवहीत लिहून जायचं असतं. नाव, जाण्याची वेळ, ठिकाण, कारण, परतीची वेळ, सही. सहा रकाने. वही चांगली आहे, फक्त तिच्यात कुणी खरं लिहीत नाही. मिरकरवाड्याला मासळी आणायला जाणारा ‘बँक’ लिहितो. मुलाच्या शाळेत जाणारी ‘कोषागार’ लिहिते. बरेचजण तेवढेही कष्ट घेत नाहीत. खुर्चीच्या पाठीला रुमाल, उघड्या फाइलवर चष्मा आणि डोक्यावर चालू पंखा ठेवून ते निघून जातात. साहेबांनी विचारलं की शेजारचा सांगतो, “आत्ता इथेच होते.” केवळ यासाठी ड्रॉवरमध्ये जादा चष्मा ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत.

भाऊ निघताना फाइल बांधत, खुर्ची आत सरकवत, पंखा बंद करत. मग वहीपाशी उभं राहून सावकाश लिहीत. जाण्याची वेळ अकरा चाळीस. ठिकाण: इकडेतिकडे. कारण: उंडारणे. बाराच्या ठोक्याला परत येऊन वेळ घालत आणि सही करत.

मी रुजू झाले त्या दिवशी त्यांनीच मला वही दाखवली. ती नोंद पाहून मला वाटलं, कुणीतरी त्यांची चेष्टा केली आहे.

“भाऊ, हे काय?”

“काय ते? मीच लिहिलंय.”

“साहेब काही म्हणत नाहीत?”

“साहेब वही वाचतात असं तुला कुणी सांगितलं गो बाय?”

खरं होतं. महिनाअखेर साहेब पानाच्या तळाशी सही करत आणि पान उलटत. भाऊ वर्षानुवर्षं उंडारत होते आणि त्याखाली एकामागून एक साहेबांच्या रीतसर सह्या होत्या.

“निदान ‘वैयक्तिक काम’ तरी लिहा,” मी म्हटलं. सल्ले मी पहिल्या दिवसापासून देते.

“कामच नाय तर काम कसं लिहू?”

या शब्दाबाबत त्यांचे नियम फार कडक होते. दुपारच्या डब्याला कुणीतरी छेडलं की ते ऐकायला मिळत. “फिरणं वेगळं. ते डॉक्टर सांगतो. सकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर जाऊन बघा, सगळी साखर चालत असते. भटकायला मुंबैची पोरं येतात, पाठीला पिशव्या लावून. ती गडावर चढतात, फोटो काढतात नि उतरतात, म्हणजे कामच करून जातात. वणवण नाइलाजाने होते. दाखल्यासाठी आपल्याकडे खेपा घालतात ना माणसं, ती. रेंगाळणं म्हणजे निघायचं तिथून न निघणं. उंडारणं ह्यातलं काही नाय. जाताना डोक्यात काम असता नये आणि येताना हातात वस्तू असता नये.”

“येता येता कोथिंबीर घेतली तर?” मी विचारलं.

“मग बाजार झाला.”

हा कोथिंबिरीचा नियम त्यांच्या बायकोला चांगलाच भोवत असे. त्या शाळेत शिकवायच्या, खणखणीत बोलायच्या. एकदा ऑफिसात आल्या तेव्हा माझ्या टेबलाशी बसून म्हणाल्या, “भर बाजारातून येतात, हात हलवत. मी म्हटलं, एक नारळ आणला असतात तर हात मोडला असता काय? तर म्हणतात, नारळाला मी संध्याकाळी वेगळा जाईन.” आणि भाऊ संध्याकाळी खरंच वेगळे जात. तेवढंच अंतर, तोच चढ, फक्त नारळासाठी.

काल गेलेल्या वाटेने आज जायचं नाही, हा दुसरा नियम. तसं केलं तर ती फेरी झाली, आणि फेऱ्या एसटी मारते. त्यामुळे आमच्या चढावाखालच्या सगळ्या पायऱ्यांच्या पाखाड्या, दगडी गडग्यांमधल्या बोळकंड्या आणि बंद घरांची मागची आवारं त्यांना ठाऊक होती. पण एखाद्याने पत्ता विचारला तर हात करून दिशा दाखवत, सोबत जात नसत. सोबत गेलं की पोचवणं झालं.

एकदा ते असेच निघालेले असताना कॅशियरने त्यांच्या हातात पाकीट दिलं. “भाऊ, जाताच आहात तर वाटेत पेटीत टाका.” भाऊ दारातून परत फिरले. वहीतली नोंद एका रेघेने खोडली, शेजारी आद्याक्षरं केली, खाली ‘टपाल’ लिहिलं, पेटीपर्यंत जाऊन पाकीट टाकून आले, परतीची वेळ घातली. मग पुढच्या ओळीत पुन्हा नाव, वेळ आणि ‘उंडारणे’ लिहून बाहेर पडले. त्यानंतर कॅशियरने त्यांना कधी पाकीट दिलं नाही. मला तो सगळा प्रकार निव्वळ वेळेचा अपव्यय वाटला आणि आजही वाटतो.

तरी एकदा मी करून पाहिलं. हात मोकळे ठेवून निघाले. पाच मिनिटांत मला तीन कामं आठवली. परत आले तेव्हा हातात झेरॉक्सचा गठ्ठा आणि अर्धा किलो कारली होती.

“जमत नाय ना?” भाऊंनी कारल्यांकडे पाहून विचारलं.

“मला घर आहे,” मी म्हटलं.

“मला पण आहे. तिकडे नारळ नाय एवढंच.”

मग एक नवे साहेब आले. देशावरचे, कोल्हापूरकडचे. त्यांना शिस्त लावायची होती, आणि शिस्त लावायची तर सुरुवात वहीपासून करतात. त्यांनी ती वही चक्क वाचली. आम्ही सगळे जागेवर ताठ बसलो. प्रत्येकाला आपापली बँक आणि आपापलं कोषागार आठवत होतं. साहेबांचं बोट एका ओळीवर थांबलं.

“हे काय लिहिलंय? कुणी लिहिलंय हे?”

भाऊ उभे राहिले. “मी, साहेब.”

“उंडारणे? ऑफिस टायमात? आणि वर लिहून?”

“न लिहिता जायला मनाई आहे, साहेब.”

कुणीतरी हसलं. तिथेच प्रकरण बिघडलं. बाकीची पानं साहेबांनी वाचली नाहीत. ‘बँक’, ‘कोषागार’, ‘पंचायत समिती’ यांत डोळ्याला खुपण्यासारखं काही नव्हतं. भाऊंना मात्र ज्ञापन मिळालं. कर्तव्यात कसूर, कार्यालयीन वेळेत हेतुपुरस्सर निरुद्देश संचार. हेतुपुरस्सर आणि निरुद्देश हे एकाच वाक्यात कसं, असं मी टाइप करताना विचारलं होतं. साहेब म्हणाले, “बाई, आहे तसं टाइप करा.”

ज्ञापनापासून चौकशी उभी राहीपर्यंत आठ महिने गेले. या आठ महिन्यांत भाऊ रोज अकरा चाळीसला उंडारायला जात होते आणि तसं लिहीत होते. इतरांना वचक बसावा म्हणून साहेबांनी स्वतःही वहीत लिहायला सुरुवात केली.

चौकशी अधिकारी बाहेरून आले. शांत गृहस्थ होते. तोवर भाऊंच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते. चौकशी डोक्यावर असताना निवृत्त झालं की निवृत्तिवेतन किती काळ लटकतं, हे आमच्या शिपायालाही ठाऊक होतं. वही हजर करायची म्हणून मी भाऊंच्या शेजारीच बसले होते.

“या वेळात बाहेर जाऊन तुम्ही काय करत होतात?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“लिहिलंय त्याप्रमाणे उंडारत होतो.”

“म्हणजे नेमकं काय?”

“नेमकं काही नाय, साहेब. नेमकं असतं तर तसं लिहिलं असतं.”

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. “हे बघा, मला हे वाढवायचं नाही. तुमच्या खात्याची कामं गावभर असतात. जाता-येता रस्ते, गटारं, कुंपणं तुमच्या नजरेस पडलीच असतील. आपण ‘स्थळपाहणी’ असं लिहू. तुम्ही सही करा, मी प्रकरण मिटवतो आणि चहा घेऊ.”

मी टेबलाखालून भाऊंच्या चपलेवर चप्पल दाबली.

“स्थळं पाहिली, साहेब,” भाऊ म्हणाले. “पाहणी नाय केली. केली असती तर अहवाल दिला असता.”

“अहो, एका शब्दाचा तर प्रश्न आहे!”

“होय. तो खरा आहे.”

बाहेर व्हरांड्यात मी त्यांना झापलं. “एक सही, भाऊ! तुमच्या बायकोचा तरी विचार करा. इतकी वर्षं मी ‘कोषागार’ लिहिते आहे, माझा हात झडला नाही.”

“तुझं कोषागार मला ठाऊक आहे,” ते शांतपणे म्हणाले. “काल बांगडे कसे होते?”

“ताजे होते,” मी म्हटलं. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. पिशवी त्यांच्यासमोरूनच गेली होती.

अधिकाऱ्यांनी संबंधित कर्मचाऱ्याच्या बाहेर राहण्याचा गोषवारा मागवला. ज्ञापनापासून पुढचे आठ महिने, दिवसवार. काम माझ्याकडे आलं. शनिवारी ऑफिसात एकटी बसून मी ते केलं. भाऊंचं अर्ध्या तासात झालं, कारण रोज वीसच मिनिटं. शिवाय ऑफिस उघडणाऱ्या शिपायाने सांगितलं की भाऊ रोज वीस मिनिटं लवकर येतात. मला ते माहीत नव्हतं. हजेरीपटात उशिरा येण्याला रकाना आहे, लवकर येण्याला नाही.

वही समोर उघडी होती, शनिवार अजून बराच उरला होता. मी बाकीच्यांचंही काढलं. एक गृहस्थ बँकांच्या संपाच्या दोन्ही दिवशी बँकेत जाऊन आले होते. साहेब दर शुक्रवारी दोन वाजता ‘वरिष्ठ कार्यालय, बैठक’ लिहून जात, आणि परतीची वेळ होती सोमवार, सव्वाअकरा. माझ्या स्वतःच्या नावापुढे भाऊंच्या दुप्पट वेळ निघाला. मी कोषागारात इतकी गेले होते, की त्यांनी मला एव्हाना टेबल द्यायला हवं होतं.

सोमवारी मी भाऊंना सांगितलं, “मी सगळ्यांचा गोषवारा लावते आहे.”

“तुझा पण?”

“माझा पण.”

“कशाला गो? मला वाचवायला?”

“एका माणसाच्या आकड्याला काही अर्थ नसतो. बाजूला दुसरे लागतात. असला अर्धवट कागद मी कधी वर पाठवलेला नाही.”

“मग ठीक आहे. ते तुझं काम झालं.”

अधिकाऱ्यांनी तक्ता वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला. शुक्रवारच्या बैठकांपाशी ते जरा जास्त थांबले. मग साहेबांच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. दोन वेळा चहा आत गेला. पंधरवड्यात अहवाल आला: दोषारोप सिद्ध होत नाहीत. भाऊंचं निवृत्तिवेतन वाचलं. साहेब माझ्याशी दोन महिने फक्त शिपायामार्फत बोलले आणि त्या वर्षी माझा गोपनीय अहवाल एक पायरी खाली उतरला. तो कधी पुन्हा वर चढला नाही.

अहवालापाठोपाठ पत्रक निघालं. ‘यापुढे हालचाल नोंदवहीत उंडारणे अथवा तत्सम अर्थाचे शब्द वापरू नयेत. कारणाच्या रकान्यात शासकीय काम असे नमूद करावे.’ सगळ्यांनी ‘पाहिले’ म्हणून सह्या केल्या. भाऊंनीही केली. पूर्वी आम्हांला निदान बँक की कोषागार एवढं तरी ठरवावं लागे. आता तेही डोकं चालवायची गरज उरली नाही.

त्या दिवशी अकरा चाळीसला भाऊंनी फाइल बांधली, खुर्ची सरकवली, पंखा बंद केला आणि वहीपाशी गेले. नाव लिहिलं. वेळ लिहिली. कारणाच्या रकान्यावर पेन आलं आणि थांबलं. मग त्यांनी ती ओळ एका रेघेने खोडली, शेजारी आद्याक्षरं केली, परत येऊन पंखा लावला आणि बसले.

दुसऱ्या दिवशी ते उठलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी चपला काढून टेबलाखाली ठेवल्या. ऑफिसात त्यांचे अनवाणी पाय कुणी आधी पाहिले नव्हते.

मला वाटलं, चला, आता तरी मार्गी लागले. पण सबंध दिवस जागेवर बसलेला भाऊंसारखा हेडक्लार्क ही काय चीज असते, याची आम्हांला कल्पना नव्हती. त्यांनी फाइली वाचायला घेतल्या. नुसत्या नव्हे, मागच्या पानांपासून. लाल पेन बाहेर निघालं. ‘सोबतचे जोडपत्र सोबत नाही.’ ‘परिच्छेद दोन व पाच परस्परविरोधी.’ ‘या अर्जदाराचे नाव तीन प्रकारे लिहिले आहे, अर्जदार एक की तीन?’ सगळे शेरे बरोबर होते, हीच पंचाईत. फाइली परत येऊ लागल्या, टेबलांवर चळत लागली. दाखले अडले. माणसं खिडकीशी तावातावाने बोलू लागली. महिनाभरात साहेबांनी भाऊंना आत बोलावलं. मी सह्यांचे कागद घेऊन उभी होते.

“भाऊ, जरा पाय मोकळे करून येत जा.” साहेबांनी त्यांना भाऊ म्हणण्याची ती पहिलीच वेळ.

“कारण काय लिहू?”

“‘शासकीय काम’ लिहा की.”

“कुठलं, साहेब?”

“अहो, कुठलंही!”

“तसा लेखी आदेश द्या. अमुक ठिकाणी जाऊन पाय मोकळे करावेत. मी जाईन. पण ते तुमचं काम झालं. माझं ह्यात काही आलं नाय.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. आदेश निघाला नाही. उरलेले सहा महिने भाऊ जागेवर बसून राहिले. अंगाने सुटले, रंगाने उतरले. अकरा चाळीसला मात्र एकदा घड्याळाकडे पाहायचे.

निरोपसमारंभात साहेबांनी भाषण केलं. “गेले सात महिने भाऊंनी कार्यालयीन वेळेत जागा सोडली नाही. तरुण कर्मचाऱ्यांनी हा आदर्श घ्यावा.” टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. भाऊंना शाल दिली, नारळ दिला, पुष्पगुच्छ दिला. बोला म्हटल्यावर ते “बरं झालं” एवढंच म्हणाले. काय बरं झालं ते कुणी विचारलं नाही.

पाच चाळीसला ते माझ्या टेबलाशी आले आणि शाल, नारळ, गुच्छ तिन्ही माझ्यासमोर ठेवली. पायांत चपला होत्या.

“हे तेवढं घरी पोचव. तुझ्या वाटेवर आहे.”

“आणि तुम्ही?”

ते वहीपाशी गेले होते. निळं पेन. नाव, वेळ, इकडेतिकडे, उंडारणे. साहेब गाडीत बसत होते, पण पत्रक तर अजून लागू होतं. भाऊंना ते कार्यालयीन वेळ संपेपर्यंत लागू होतं आणि वेळ संपायला पाच मिनिटं होती.

“भाऊ, परतीची वेळ?” मी विचारलं. आस्थापना माझ्याकडे होती, विचारणं भाग होतं.

“आल्यावर लिहितात ना गो?” ते म्हणाले आणि हात हलवत चढ उतरून गेले.

नारळ मी पोचवला. त्यांच्या बायकोने तो उलटसुलट करून पाहिला आणि त्या म्हणाल्या, “म्हणजे शेवटचाही दुसऱ्यानेच आणला.”

पुढे ती दोघं पूर्णगडला राहायला गेली. गेल्या वर्षी एका बारशाला मी तिकडे गेले होते. किल्ल्याखालच्या वाटेवर एक म्हातारा हात पाठीमागे बांधून चालला होता. जाड तळाच्या चपला. मी हाक मारली.

“कोण, बाय? इकडे कुठे? कामाने आलीस ना?”

“बारशाला.”

“मग जा. उशीर करू नको.” त्यांनी माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. मी वाटेत कोकमं घेतली होती. त्यांनी नुसती मान हलवली आणि ते बाजूच्या बोळात वळले. तिथून रस्ता कुठे जातो ते मला दिसलं नाही.

आता ऑफिसात चेहरा ओळखणारं यंत्र आहे. पण हालचाल नोंदवही चालूच आहे आणि जुन्या वह्या अभिलेख कक्षात पाठवायच्या आहेत. सगळ्या गेल्या, एक राहिली. तिच्यात एक नोंद उघडी आहे, आणि नोंद बंद झाल्याशिवाय वही जमा होत नाही. दरवर्षी दप्तर तपासणीला पथक येतं आणि शेरा मारतं: ‘संबंधित कर्मचाऱ्याची परतीची वेळ नमूद नाही. खुलासा करावा.’ इतकी वर्षं मी ‘माहिती घेण्यात येत आहे’ असं लिहून वेळ मारून नेत होते. आमच्याकडे ते चालतं.

यंदाच्या तपासणीला शेरा पुन्हा आला. माझी स्वतःची निवृत्ती आता फार लांब नाही आणि गोपनीय अहवालाचं जे व्हायचं ते होऊन गेलं आहे. पत्रक रद्द झालेलं नाही, मी तपासलं. मग अनुपालनाचा कागद घेतला, शेऱ्याचा क्रमांक घातला आणि पुढे खुलासा लिहिला: ‘मी समक्ष खात्री केली आहे. संबंधित अद्याप उंडारत आहेत.’ खाली सही केली, हुद्द्याचा शिक्का मारला आणि कागद जावकला दिला.